पवनचक्कीची जागा पावसाळ्यात पाहावी

साताऱ्यातील चाळकेवाडी आणि वनकुसवडे किंवा सांगलीतील गुढे पाचगणी येथील सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरील कातळाची सपाट पठारे, मार्च महिन्यात पाहिले, तर उघडा कातळ आणि वाळलेले गवत यापलीकडे फारसे काही दिसत नाही. पाहणी तेव्हाच उरकली, तर जागा पडीक असल्याचा शेरा पडतो.

म्हणून पवनचक्कीसाठी जागेची मागणी आली की ग्रामपंचायतीने पहिली अट ही घालावी, की जून ते ऑक्टोबर या काळात किमान दोनदा, सड्यावर गुरे चारणाऱ्यांना सोबत घेऊन पाहणी व्हावी. पाणी कोठे साचते, जांभ्या दगडात कोठे मुरते आणि खालच्या वाडीचा झरा कोणत्या अंगाने येतो, हे त्यांना पाठ असते. मनोऱ्याच्या पायापेक्षा लांब पाती नेणाऱ्या ट्रेलरसाठी केलेला रुंद रस्ता अधिक घात करतो, कारण तो ओघळ अडवतो किंवा वळवतो; तेव्हा नकाशात मनोऱ्यांबरोबर रस्ते, मुरमाची खाण आणि राडारोडा टाकण्याची जागाही दाखवून घ्यावी.

कड्याच्या धारेपासून मनोरे मागे घ्यावेत, कारण घारी, गरुड तेथेच वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगतात. चाळकेवाडीच्या पठारावरील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी आणि त्यांचे भक्ष्य असलेले सरडे अधिक आढळले. एका पक्ष्याच्या जाण्याने सड्याची सारी घडी बदलते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार राहत्या घरापासून ५०० मीटर अंतर हवे. सार्वजनिक रस्त्यापासूनचे अंतर मनोऱ्याची उंची, पात्यांच्या घेराचा निम्मा व्यास आणि ५ मीटर यांच्या बेरजेइतके असावे. १०० मीटर उंची आणि १२० मीटर व्यास असल्यास ते १६५ मीटर होते. शेतातील वस्तीही घर म्हणूनच मोजून घ्यावी.

पवनऊर्जा २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत नसल्याने जनसुनावणी आपोआप होत नाही. त्यामुळे ग्रामसभेतच नकाशा भिंतीवर लावून चर्चा घडवावी आणि गायरानातील चराईची वाट, झऱ्याचे रक्षण व रस्त्याची दुरुस्ती या अटी ठरावात शब्दशः लिहाव्यात. निवासी भागासाठी रात्रीची ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल आहे. काम सुरू होण्याआधीच्या शांत रात्री वाडीतील आवाज मोजून ती नोंद ठरावाला जोडावी, म्हणजे पुढे तक्रार करताना तुलनेला आधार राहील.