ओटीतल्या ब्लाउजपीसची त्रिकोणी गोधडी: कात्री लावण्याआधीचा हिशेब

जुन्या साड्यांचे थर घालून गोधडी अंदाजाने शिवता येते. त्रिकोणांच्या गोधडीत अंदाज चालत नाही. इथे एक सूत (इंचाचा आठवा भाग) चुकलं की टोकं जुळत नाहीत आणि ती चूक ओळीगणिक वाढत जाते. म्हणून आधी वही-पेन्सिल, कात्री नंतर.

कापड कपाटातच असतं. ओटीत आलेले, कधीच न शिवलेले ब्लाउजपीस काढा. त्यातले निव्वळ सुती तेवढे निवडा. शंका असेल तर कडेचा एक धागा ओढून सांडशीत धरा आणि सिंकवर जाळून बघा. सुती धागा कागदासारखा वास येऊन जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. पॉलिएस्टरचे पीस बाजूला ठेवा, कारण सुती तुकड्याशेजारी ते वेगळं आटतात आणि इस्त्रीला चिकटतात. उरलेले सगळे धुऊन घ्या. लाल, मरून आणि गडद हिरवा ओला असतानाच पांढऱ्या रुमालावर दाबून पाहा. रुमालाला रंग लागला तर तो पीस पुन्हा धुवा, आणि तरीही लागत राहिला तर सरळ वगळा.

आता गडद आणि फिके असे दोन ढीग करा. त्रिकोणांची नक्षी रंगांपेक्षा गडद-फिक्याच्या फरकाने उठून दिसते, आणि इथेच डोळा फसतो. लाल आणि हिरवा आपल्याला अगदी वेगळे वाटतात, पण सगळे पीस ओळीने मांडून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा: बहुतेकदा दोन्ही एकाच करड्या रंगाचे दिसतात. ते शेजारी शिवले तर भिंगरी, म्हणजे चार चौकोनांतल्या त्रिकोणांची फिरत्या पात्यांसारखी नक्षी, दिसणारच नाही, नुसता गिचका होईल. फोटोत जे मधलेच दिसतात, ते या गोधडीत घेऊ नका. ओटीच्या पिसांत फिके रंग कमीच असतात, त्यामुळे फिक्या बाजूला सरसकट मांजरपाट (साधं कोरं सुती कापड) किंवा मोतिया रंगाचं केंब्रिक (तलम सुती कापड) घ्यावं असं माझं मत आहे. गडद बाजूला मग कितीही रंग चालतात.

हिशेब असा. तयार चौकोन 6 इंचांचा, त्यात एक गडद आणि एक फिका त्रिकोण. असे चार चौकोन मिळून 12 इंचांची एक भिंगरी. आडव्या 5 आणि उभ्या 7 भिंगऱ्या घेतल्या की 60 बाय 84 इंच, म्हणजे एकट्याला ऐसपैस पांघरूण. एकूण 35 भिंगऱ्या आणि 140 चौकोन.

त्रिकोण सुटे कापू नका. त्रिकोणाची लांब बाजू उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपी, असते आणि हात लावला की ताणली जाते. त्याऐवजी गडद आणि फिका असे दोन अखंड चौकोन सुलटी बाजू आत ठेवून एकावर एक ठेवा. फिक्याच्या उलट्या बाजूवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलने रेघ मारा. रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर शिलाई मारा आणि मग रेघेवर कापा. दोन तयार चौकोन हातात येतात आणि उरेब कड आधीच शिलाईत अडकलेली असते.

यासाठी मूळ चौकोन केवढा? तयार मापात 7 सूत मिळवा: सरळ बाजूंच्या मायेचे (शिलाईबाहेर सोडलेल्या कापडाचे) 4 आणि तिरप्या शिलाईचे 3. म्हणजे 6 इंच 7 सूत. मी मात्र सरळ 7 इंच कापायला सांगेन आणि शिवून झाल्यावर साडेसहावर छाटायला. छाटण्यासाठी पुठ्ठ्याचा साडेसहा इंची चौकोन करून त्यावर कर्ण आखा. कर्ण शिलाईवर बसवूनच कडा कापा, नाहीतर टोक कोपऱ्यात येत नाही.

140 चौकोनांसाठी 70 गडद आणि 70 फिके लागतात. 80 सेंटिमीटरच्या ब्लाउजपीसचा पन्हा (रुंदी) साधारण 36 इंच धरला, तर काठ सोडून त्यातून 16 निघतात. गडद पीस 5 पुरे. फिक्यासाठी 36 इंच पन्ह्याचं साडेतीन मीटर कापड घ्या. मांजरपाट आटतो, म्हणून थोडं जास्तच धरलंय.

खऱ्या कापडाला हात लावण्याआधी मशीन तपासा. 2 इंची तीन पट्ट्या पाव इंच माया ठेवून जोडा. मधली पट्टी बरोबर दीड इंच दिसली पाहिजे. दिसत नसेल तर सुईपासून पाव इंचावर मशीनच्या पत्र्याला चिकटपट्टी लावा आणि कापड तिच्या कडेने सरकवा.

चौकोन तयार झाले की माया गडद बाजूला वळवून इस्त्री दाबा, सरकवू नका. मग सगळे जमिनीवर पसरलेल्या चादरीवर मांडा. तेच चौकोन फिरवून भिंगऱ्यांऐवजी शंकरपाळे किंवा तिरपे पट्टेही होतात, म्हणून पर्याय पाहून प्रत्येकाचा फोटो काढा. निवड ठरली की प्रत्येक ओळीला नंबराची चिठ्ठी टाचा. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर हे काम त्याच दिवशी उरका.

अस्तराला चारी बाजूंनी 4 इंच जास्त, म्हणजे 68 बाय 92. एक पाचवारी सुती साडी दोन तुकडे जोडून सहज पुरते, आणि मधल्या थराला दुसरी. तिन्ही थर कच्च्या टाक्याने धरा आणि धावदोरा घाला. भिंगरीच्या मध्यभागी मायेचे पदर साचतात, सुई अडते. तो बिंदू टाळूनच टाका घ्या.

कडेला साधारण 300 इंच पट्टी लागते. एका ब्लाउजपीसमधून अडीच इंची दहा पट्ट्या काढून जोडा. कडा सरळ आहेत, त्यामुळे उरेब पट्टीची गरज नाही.