रिपोर्ट नॉर्मल, गुडघा मात्र दुखतोच: लहान मूल सांभाळताना काय करावं

एक्स-रे नॉर्मल, रक्त नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, जरा वजन कमी करा." माझं वय 34, वजन 65 किलो. घरी आलो तर मुलगी दारातच हात वर करून उभी: "बाबा, घे की!"

बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी दिवसभर उभा असतो. उजवा गुडघा आठ महिने दुखत होता. या वयात गुडघे दुखतात म्हटलं की लोक हसतात. "काय गा, म्हातारा झालास काय?" अशाच गुडघ्यासह ज्यांच्या कडेवर पोर आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

केव्हा वाट बघत बसायचं नाही

गुडघा अचानक गरम, लाल होऊन सुजला आणि ताप आला, तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जा. सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर उशीर परवडत नाही. पोटरी एकाच पायाची सुजून दुखत असेल, विशेषतः बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत, तर रक्ताची गाठ असू शकते, तेव्हाही लगेच जा. पायावर भारच टाकता येत नसेल, गुडघा मध्येच अडकत असेल, रात्री ठणक्यानं झोपमोड होत असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तर पुढचं वाचण्याआधी डॉक्टरांची वेळ घ्या.

एक वही करा

आधीच्या डॉक्टरांकडे मी "दुखतंय" एवढंच सांगितलं होतं. त्यांनी तरी काय करावं? मग मुलीच्या रंगवायच्या वहीची मागची पानं घेतली आणि दोन आठवडे रोज तीन ओळी लिहिल्या: कधी दुखलं, त्याआधी काय केलं, दहापैकी किती. आठव्या दिवशी चित्र दिसायला लागलं. सपाट रस्त्यावर चालताना दोन. जिना उतरताना सहा. कोल्हापूरच्या बसमध्ये खिडकीजवळ पाय मुडपून बसलो तर निपाणीच्या आधीच सात.

जिना, उकिडवं बसणं आणि फार वेळ गुडघा वाकवून बसणं यांनी वाटीच्या आसपास दुखत असेल, तर बहुतेक वेळा दुखणं वाटी आणि मांडीच्या हाडामधल्या सांध्याचं असतं. तरुण वयात हे फार सापडतं. एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयही बऱ्याचदा स्वच्छ येतो. म्हणजे दुखणं मनाचं आहे असं नाही. हाड शाबूत आहे, पण भार नीट वाटला जात नाही. आमच्याकडे एखादं बेअरिंग बदलूनही परत परत जातं, तेव्हा आम्ही बेअरिंगला शिव्या देत नाही, शाफ्टचं अलाइनमेंट बघतो. गुडघाही कंबर आणि घोटा यांच्या मध्ये अडकलेला आहे. खुब्याचे आणि मांडीचे स्नायू ढिले पडले की मार त्यालाच बसतो.

वहीत वेगळंच काही दिसलं तर तेही सांगा. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ सांधे आखडतात, बोटांचे सांधेही सुजतात, असं असेल तर संधिवाताची तपासणी हवी. बाळंतपणानंतरच्या वर्षात तो काही जणींत डोकं वर काढतो, थायरॉईडही बिघडतो. ताप येऊन गेला आणि मग सांधे धरले, तर चिकुनगुन्या झाला होता का ते विचारा. 2006 साली कर्नाटकात त्याची मोठी साथ आली होती, आणि त्यानंतर कित्येकांचे सांधे महिनोन् महिने दुखत होते.

आमच्या सीमाभागातली एक अडचण म्हणजे भाषा. नोंदणीच्या खिडकीवर, नर्सबाईंशी कन्नड लागतं. "मोणकालू नोवु इदे" म्हणजे गुडघा दुखतोय, "बावु" म्हणजे सूज, "एड" डावा, "बल" उजवा. एवढं वहीच्या कव्हरवर लिहून ठेवा. डावा-उजवा हा घोळ घालण्यासारखा विषय नाही.

भार कमी करा, पण पाय गुंडाळून ठेवू नका

पूर्ण विश्रांती घेतली की मांडी आणखी वाळते. उलट, दुखणं वाढवणारी दोन-तीन कामं तेवढी काही आठवडे बदलायची.

माझी मुलगी 13 किलोची. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस असतो 14.2 किलो. सिलिंडर आपण दिवसातून वीस वेळा जमिनीवरून उचलत नाही, मग तिला का उचलायचं? तिला आधी कॉटवर चढायला सांगायचं, तिथून कडेवर घ्यायचं. जमिनीवरून उठताना चांगला पाय पुढे, दुखरा गुडघा खाली, हात खुर्चीवर, आणि पोर हातात नसताना. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, एक हात कठड्याला. खांद्यावर बसवून बेळगावजवळचा राजहंसगड किल्ला दाखवायचा बेत पुढे ढकला.

आंघोळीची गंमत वेगळीच. बाळाला पाय पसरून पायांवर घेऊन न्हाऊ घालायची आपली पद्धत गुडघ्याला तशी ठीक, पण नंतर ओल्या मोरीतून बाळासकट उठणं वाईट. तेव्हा बाळाला घ्यायला दुसरं माणूस हवंच. मोठं मूल असेल तर ते उभं, आपण स्टुलावर. दूध पाजताना तासभर मांडी घालण्यापेक्षा पाठीला टेकण असलेली खुर्ची आणि मांडीवर उशी बरी. भारतीय संडास असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची आणा. लाजायचं काही नाही.

घरात "मला जमत नाही" असं मोघम सांगितलं की वाद होतात. आमच्याकडे ठरलं: सकाळची आंघोळ बायको, रात्री गोष्ट सांगून झोपवणं मी. आईला पटायला महिना लागला.

व्यायाम, रोज पंधरा मिनिटं

शक्यतो फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. मी केले ते असे. पाय सरळ, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल, मांडी आवळून टॉवेल दाबायचा, पाच सेकंद धरायचं, दहा वेळा. मग उताणं झोपून सरळ पाय वीतभर उचलायचा. कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलायचा. खुब्यासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक नेमका हाच टाळतात. शेवटी खुर्चीवरून हात न लावता उठ-बस.

करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत झालं, तर चालू ठेवा. त्याहून जास्त असेल तर संख्या निम्मी करा. पहिले तीन आठवडे काहीच फरक वाटत नाही, इथेच बहुतेक जण सोडतात. सहा ते बारा आठवडे धरून चाला. माझी मुलगी शेजारी झोपून मोजते: "एक, दोन, पाच, दहा, झालं!" मी परत एकपासून सुरू करतो.

गोळ्या

दुखणं दाबायची गोळी मेडिकलमधून आपल्या मनानं रोज घेऊ नका, पोट आणि किडनी दोन्ही बिघडतात. अंगावर पाजत असाल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, चालणाऱ्या गोळ्या असतात. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी तपासणी करून, सांगितली तेवढेच आठवडे. आणि प्रत्येक वेळी "एक इंजेक्शन मारून द्या" म्हणणाऱ्यांनी त्या इंजेक्शनचं नाव चिठ्ठीवर लिहून मागावं. त्यात स्टिरॉइड आहे का, हे पुढच्या डॉक्टरला कळायला हवं.

सहा आठवड्यांनी वही घेऊन परत जा. माझ्या वहीत तेव्हा जिन्यासमोर सहाच्या जागी तीन होतं, बससमोर अजून पाच. म्हणून आता तिकीट काढताना मी पॅसेजकडची सीट मागतो आणि पाय लांब करून बसतो; कंडक्टर येता-जाता अडखळतो, तेवढं ऐकून घ्यायचं.