अटकेला विरोध केल्याची केस कोर्टात का पडते? या चुका टाळा

सरकारी वकील म्हणून बरीच वर्षं झाली, आणि तरी 'शासकीय कामात अडथळा'ची फाईल आली की आधी कपाळाला हात जातो. आयओंच्या, म्हणजे तपास अधिकाऱ्यांच्या, डोक्यात एकच, हवालदाराला मारलंय, मेडिकल आहे, झालं, शिक्षा ठरलेली. अहो पण मार सिद्ध केलात, अटक कायदेशीर होती ते कोण सिद्ध करणार?

एक केस सांगतो. दुसऱ्या एका खटल्यात आरोपी तारखांना येत नव्हता म्हणून अजामीनपात्र वॉरंट निघालं होतं. हवालदार आणि एक शिपाई पहाटे अंधारात त्याच्या घरी गेले, दोघंही साध्या कपड्यात. त्याने ढकललं आणि पळाला, हवालदार तुळशी वृंदावनावर आपटले, कोपराला चार टाके. डॉक्टर साक्षीला आले, शिपाई व्यवस्थित बोलला, मी आपला खुशीत. मग बचावाच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, वॉरंट कुठाय? फाईलमध्ये धड झेरॉक्सही नाही! मूळ वॉरंट रिपोर्टसकट त्या दुसऱ्या कोर्टात परत गेलेलं, आणि सर्टिफाइड कॉपी घ्यायचं कुणालाच सुचलं नाही. वॉरंट कुणाच्या नावे होतं, ह्या हवालदारांच्या नावे एन्डॉर्स, म्हणजे लिहून सोपवलेलं का, आरोपीला दाखवलं का, आम्ही पोलीस आहोत हे तरी सांगितलं का, एकाही प्रश्नाला कागद नाही. निर्दोष सुटका.

आता कुणी म्हणेल, पोलिसांविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क नसतोच की. बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) कलम ३७, म्हणजे जुन्या आयपीसीचं ९९, पूर्ण वाचा, खालच्या स्पष्टीकरणांसकट. समोरचा लोकसेवक आहे हे माहीत नसेल आणि तसं वाटायला काही कारणही नसेल तर तो हक्क जात नाही. अंधार, साधे कपडे, ओळख नाही, बघा जुळतंय का.

तेव्हापासून माझी सवय अशी की मेडिकल सगळ्यात शेवटी वाचतो. आधी वॉरंट, किंवा वॉरंटशिवाय अटक असेल तर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुनी सीआरपीसी) कलम ३५ खाली कारणं लिहिलीत का, मग निघाल्याची स्टेशन डायरी नोंद, मग गणवेश. हे नसेल तर चार्जशीट परत, मग साहेब रागावोत.

दुसरा राग 'झटापट' या शब्दावर. पाच जबाब, पाचही ठिकाणी 'त्यास ताब्यात घेत असता त्याने हुज्जत घालून झटापट केली', एकात टायपिंगची चूक असेल तर पाचहींत तीच. नवीन पोरांना कॉपी पेस्टची भारी घाई. मग उलटतपासात प्रश्न येतो, झटापट म्हणजे काय केलं, कॉलर धरली, ढकललं, कुठल्या हाताने? आणि साक्षीदार माझ्याकडे बघतो. बीएनएसच्या कलम १३२ ला, जुन्या ३५३ ला, म्हणजे लोकसेवकाला कामापासून रोखायला केलेल्या हल्ल्याच्या कलमाला, हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. माणिक तनेजा केसमध्ये पोलिसांबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून लावलेलं ३५३ सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये उडवलं ते त्यामुळेच. मी साक्षीदाराला आधी उभं करून विचारतो, तू कुठे होतास, तो कुठे होता, हात कुठे पडला. शिकवत नाही हां, आठवायला लावतो.

बाकीचं पटापट.

बीएनएस कलम २२१, जुनं १८६, म्हणजे लोकसेवकाच्या कामात नुसता अडथळा, नुसत्या चार्जशीटवर चालत नाही, त्या लोकसेवकाची किंवा वरिष्ठाची कोर्टाकडे लेखी तक्रार लागते.

१३२ लावता आणि २६२ विसरता, अटकेला विरोधाचं खरं कलम तर तेच आहे.

घटनेची तारीख बघा. १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनी कलमं, आणि महाराष्ट्रात २०१८ च्या दुरुस्तीमुळे ३५३ ला ५ वर्षं आणि सेशन्स कोर्ट. नवीन १३२ ला २ वर्षं, मॅजिस्ट्रेट.

मोबाईलचा व्हिडिओ आहे म्हणून नाचू नका, नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, सर्टिफिकेट कुठाय ते आधी सांगा.

भर बाजारात घटना आणि बाहेरचा एकही साक्षीदार नाही? चहावाल्याला तरी विचारायचं होतं.

आणि आरोपीच्या अंगावरच्या जखमा लपवू नका. जबरदस्तीने विरोध केला तर अटकेसाठी लागेल तेवढं बळ वापरायची मुभा बीएनएसएस ४३ देतं, मग काठी मारली तर मारली म्हणा. 'आरोपी स्वतःच पडला' म्हटलं की जजसाहेब पेन खाली ठेवून साक्षीदाराकडे बघत बसतात.