साडेसहा नंबरचा ग्लव्ह : नर्सिंगला नव्यानं येणाऱ्यांसाठी

माझ्या हाताला साडेसहा नंबरचा ग्लव्ह बसतो. पहिल्या नोकरीत, ओटीमध्ये म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, मी तीन वर्षं साडेसात नंबरचा घालून काम केलं, कारण स्टोअरमध्ये तोच यायचा. बोटांच्या टोकाशी रबर लोंबायचं, सुई धरताना त्याला चुण्या पडायच्या. दोनदा सुई टोचली. एचआयव्हीच्या रिपोर्टची वाट बघत काढलेल्या त्या रात्री अजून विसरता येत नाहीत. आम्ही सिस्टर्स आपापसात कुरकुरायचो, वर कुणीच बोलायचं नाही. पुढं कळलं की ग्लव्ह कुठले घ्यायचे हे एक खरेदी समिती ठरवते. तीत सहाजण होते आणि सहाही पुरुष. त्यांतलं कुणी वाईट मनाचं नव्हतं. त्यांच्या हाताला साडेसात बसत होता, एवढंच.

मी खानापूर तालुक्यातली. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून स्टाफ नर्स म्हणून लागले, आज बेळगावातल्या एका खासगी रुग्णालयात नर्सिंग सुपरिटेंडेंट आहे. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून या क्षेत्रात येणाऱ्या मुलामुलींना सांगायचंय ते त्या समितीबद्दल. इंजेक्शन, ड्रेसिंग, कॅथेटर सगळं कॉलेज शिकवतं. निर्णय जिथं होतात त्या खोलीत शिरायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात आहे की जगभरच्या आरोग्य आणि सामाजिक सेवेत काम करणाऱ्यांत जवळपास ७० टक्के बायका आहेत, पण वरच्या जागांवर त्या २५ टक्केच आहेत. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, गोऱ्या आणि इतर वंशांच्या कर्मचाऱ्यांना वरच्या पदांवर किती जागा मिळते, याचा हिशेब २०१५ पासून दरवर्षी मांडावा लागतो. आपल्याकडं वंशाच्या जागी जात आणि भाषा येते. असा हिशेब आपण स्वतःही मांडू शकतो. नोकरी लागली की पहिल्या महिन्यात रुग्णालयातल्या समित्यांचे फलक वाचा. कुठल्या समितीत बाई आहे, नर्स आहे, सफाईतलं कुणी आहे? वहीत लिहून ठेवा. मी लिहिलं तेव्हा नऊ समित्यांत मिळून दोन नर्सेस होत्या.

आणि बाईच्या हाती कारभार ही कल्पना आपल्या भागात काल-परवाची नाही. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती. तेच आजचं सीपीआर, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. पदभार घेण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, एकविसाव्या वर्षी त्या गेल्या. डॉ. रखमाबाई राऊत यांनी मात्र १८९५ पासून सुरतेला बायकांचं रुग्णालय वर्षानुवर्षं चालवून दाखवलं. सीपीआरवरून जाताना मला दरवेळी त्या न भरलेल्या खुर्चीची आठवण येते.

आता भाषा. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण आपली मुलं इथंच अडतात. घरी मराठी, शाळा मराठी, आणि रुग्णालयात बैलहोंगलची आजी कळवळतेय. तिला "नोवु एल्लि ऐत्री?", कुठं दुखतंय, असं तिच्या कन्नडमध्ये विचारता आलं नाही, तर तुमचं शिक्षण तिच्या काय कामाचं? मी पंचविसाव्या वर्षी कन्नड लिहायला शिकले, वॉर्डातल्या एका आयाकडून, रात्रपाळीत, जुन्या केसपेपरच्या पाठीवर. त्याने माझी मराठी उणावली नाही. उलट आमच्याकडं चंदगड, खानापूरचे पेशंट शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर न वाचता अंगठा उठवायचे, कारण फॉर्म फक्त कन्नड आणि इंग्रजीत होता. मराठी फॉर्म हवा, ही मागणी मी बैठकीत कन्नडमध्ये मांडली. पेशंटला कळणाऱ्या भाषेत संमती घ्यावी असं रुग्णालयांना दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या एनएबीएचचे निकषच सांगतात, हेही कन्नडमध्येच सांगितलं. दोन आठवड्यांत फॉर्म छापून आला.

पदव्यांचं थोडक्यात. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. माझ्यासारखं जीएनएम करून पोस्ट बेसिक बीएस्सी केलं तर आणखी दोन, एमएस्सीला पुन्हा दोन. सुपरिटेंडेंटच्या मुलाखतीत एमएस्सी आहे का, हे बहुतेक ठिकाणी विचारतातच, तेव्हा लग्न ठरतंय म्हणून ते मागं टाकू नका. रुग्णालयात एनएबीएचची तयारी सुरू झाली की त्या कामाला स्वतःहून नाव द्या. कटकटीचं काम आहे, पण सगळ्या समित्यांचे कागद तुमच्या हाताखालून जातात.

नेतृत्वात वेगळ्या घरातला माणूस आला की काय बदलतं, हे मी एका मैत्रिणीकडून शिकले. ती सौंदत्तीकडची, देवदासी आईची मुलगी. देवाला मुली वाहण्यावर कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंदी आली, पण वडिलांच्या नावाचा रकाना तिला शाळेपासून छळत आला. ती लेबर वॉर्डची इन-चार्ज झाली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं नोंदणीच्या टेबलावरचा प्रश्न बदलला. पूर्वी कळा देत आलेल्या बाईला आधी नवऱ्याचं नाव विचारत. आता विचारतात, "सोबत कोण आलंय?" वीस वर्षं ते टेबल मी रोज बघत होते. मला कधीच सुचलं नाही. मला नवऱ्याचं नाव सांगताना कधी अडखळायला झालं नव्हतं ना.

सुरुवात कुठून करायची, तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीतून. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं ती लागतेच, अध्यक्ष वरिष्ठ बाई हवी आणि किमान निम्म्या सदस्य बायका. इतिवृत्त कसं लिहायचं आणि साहेबासमोर आवाज न थरथरता कसं बोलायचं, ते मी तिथं शिकले. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी, हे २०१७ च्या दुरुस्तीनं कायद्यात आलं. ते कलम छापून घेऊन मी तीन बैठकांना गेले, तेव्हा खोली मिळाली.

खरेदी समितीत आज मी बसते. सहा, साडेसहा, सात असे सगळे नंबर येतात. संसर्ग नियंत्रण समितीत मात्र सफाईतलं अजून कुणी नाही. पिवळी, लाल, पांढरी, निळी, या चारही रंगांच्या पिशव्या-डब्यांतला रुग्णालयाचा कचरा रोज हातानं उचलणाऱ्या, बहुतेक दलित वस्त्यांतून येणाऱ्या या बायका ठेकेदाराच्या आहेत, म्हणून त्यांना समितीत घेता येत नाही असं उत्तर मिळतं. मी दोनदा पत्र दिलंय. तिसऱ्यावर वॉर्डावॉर्डांतल्या नर्सेसच्या सह्या घेते आहे, परवापर्यंत एकेचाळीस झाल्या.