विदर्भातल्या खेड्यात गाडी आणलीत, तर ऑइल बदलायलाही शिका

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून, बँकेच्या बदलीवर किंवा आरोग्य खात्याच्या ऑर्डरवर इकडे आलेली नवी माणसं भेटली की पहिला प्रश्न खोलीचा असतो, दुसरा पाण्याचा, आणि सोबत चारचाकी गाडी आणली असेल तर तिसरा सर्व्हिसिंगचा. मी मूळची कोल्हापूरकडची. केळापूर तालुक्यातल्या शाळेवर रुजू झाले आणि पुढे इथलीच झाले. खोलीचं आणि पाण्याचं तुम्हाला गाववाले माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. गाडीचं मी सांगते, कारण त्या बाबतीत आपण बाहेरून येणारे सगळे एकच सवय घेऊन येतो: कंपनीचा मेसेज आला की गाडी नेऊन द्यायची आणि संध्याकाळी धुतलेली परत आणायची.

इथे ते जमत नाही. आमच्या बाजूच्या गावांतून यवतमाळ सत्तर किलोमीटरच्या आसपास, नागपूर त्याच्या दुप्पट. म्हणजे एका ऑइलपायी एक रजा जाते. मग माणूस "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतो, पुढच्या महिन्यात निवडणुकीचं नाहीतर सर्वेक्षणाचं काम लागतं, आणि गाडी तशीच पळत राहते. वॉरंटी असेपर्यंत मात्र कंपनीच्या सेंटरलाच जा, त्यात कसूर करू नका. वॉरंटी संपली की हे काम घरच्या अंगणात तासाभरात होतं.

किती दिवसांनी बदलायचं, हे आधी नीट समजून घ्या. बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलेलं असतं. त्याच पुस्तकात पुढे बारीक अक्षरात असतं, की धूळ, फार ऊन, छोटे-छोटे फेरे किंवा सतत कमी वेग असेल तर ऑइल लवकर बदला. आपल्याकडे यातली एकही गोष्ट सुटत नाही. खोलीपासून शाळा चार-पाच किलोमीटर, इंजिन धड गरम होण्याआधीच गाडी बंद. अशा वेळी ऑइलमध्ये उतरलेलं थोडं पेट्रोल आणि ओलावा उडून जात नाही, आतच साठतो. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की पांधणीतून, म्हणजे शेतरस्त्यातून, दुसऱ्या गिअरमध्ये मागे मागे चालायचं, आणि मे महिन्यात एसी लावून फाटकाशी उभं राहायचं. मीटरवर किलोमीटर दिसत नाहीत, पण इंजिन राबलेलं असतं.

शेजारचे ट्रॅक्टरवाले काका किलोमीटर मोजतच नाहीत, तास मोजतात. मीटरवर अडीचशे तास झाले की ऑइल बदली. आपल्या गाडीला तासांचं मीटर नाही, म्हणून मी साधा नियम धरला आहे: ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. एकदा दिवाळीच्या सुट्टीत आणि एकदा एप्रिलच्या शेवटी. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आत ऑइल ताजं असलं की उन्हाळी सुट्टीत गावाकडच्या लांबच्या प्रवासाला गाडी तयार असते. इथल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे परत यायलाही निवांत वेळ मिळतो.

आता ऑइल कोणतं? इथे तुम्हाला हमखास सल्ला मिळेल, "मॅडम, आपल्याकडे पंचेचाळीस डिग्री तापते, घट्ट ऑइल टाका." सल्ला मायेने दिलेला असतो, पण नव्या गाड्यांना तो लागू पडत नाही. बाहेर पंचेचाळीस असो की पंचवीस, चालत्या इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट आणि रेडिएटर आपल्या मर्यादेत धरून ठेवतात, आणि ऑइल शंभर अंशांच्या आसपास काम करतं. पाच डब्ल्यू तीस या आकड्यात तीस हा त्या गरम अवस्थेतला घट्टपणा आहे, आणि पाच हा थंडीतल्या सुरुवातीचा. पुस्तकात जे लिहिलंय तेच टाका. ट्रॅक्टरचं पंधरा डब्ल्यू चाळीस घरात पडलंय म्हणून पेट्रोल गाडीत ओतू नका. डिझेल गाडी २०२० नंतरची बीएस सहा असेल आणि तिला धुराचा फिल्टर असेल, तर पुस्तकात सांगितलेलं कमी राखेचं ऑइलच हवं, नाहीतर तो महागडा फिल्टर चोंदतो.

डबा मोठ्या पेट्रोल पंपावरून किंवा कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्या. सील स्वतः तोडा. रिकामा डबा भंगारात द्यायच्या आधी त्याला भोक पाडा, म्हणजे त्यात कुणी भलतंच भरून विकणार नाही. मी हे सगळ्यांना सांगते, कारण बनावट ऑइल असेच चांगले डबे शोधत असतं.

सामान फार लागत नाही. तुमच्या गाडीच्या ड्रेन बोल्टाचा (इंजिनाच्या तळाशी ऑइल सोडायचा बोल्ट) रिंग पाना किंवा गोटी पाना, फिल्टर काढायचा पट्टा, नवीन फिल्टर, त्या बोल्टाचा नवीन वायसर, पसरट घमेलं, नरसाळं, जुनी फडकी, हातमोजे. पाना नसेल तर ट्रॅक्टरवाल्याकडे असतोच, आणि मागायला गेलात की ओळखही होते. इथे माणसं वस्तू देताना हात आखडत नाहीत. मात्र पुसून, त्याच दिवशी परत करा.

जागा सगळ्यात महत्त्वाची. काळ्या मातीवर जॅक लावू नका. पावसाळ्यात तो रुततो, उन्हाळ्यात भेगांच्या कडेला कलंडतो. सिमेंटचं सपाट अंगण किंवा घरासमोरचा सिमेंट रस्ता बघा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीही शिरू नका. जॅक स्टँड लावा किंवा पुढची चाकं रॅम्पवर चढवा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे द्या. ठोकळ्यासाठी अंगणातला दगड उचलणार असाल तर आधी पायाने उलटा. पावसाळ्यात खाली विंचू असतो. सकाळी सहा-सातला सुरू करा. दहानंतर वारा सुटतो आणि उघड्या इंजिनात धूळ जाते. ओढणी काढून ठेवा, केस बांधा.

इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा. ऑइल कोमट असलं की पातळ होतं आणि बसलेला गाळ घेऊन बाहेर येतं. पण लगेच खाली शिरलात तर हात भाजेल, दहा मिनिटं जाऊ द्या. तेवढ्यात इंजिनावरचं ऑइल भरायचं झाकण आणि भोवतालची धूळ फडक्याने पुसून झाकण सैल करून ठेवा, म्हणजे हवा शिरून ऑइल एकसारखं उतरतं. गाडीखाली चिखलाचे पोपडे असतील तर आदल्या दिवशीच धुऊन घ्या, नाहीतर बोल्ट सापडतच नाही.

खाली उताणं झोपल्यावर उजवं-डावं फिरतं, इथे नवखे हमखास गोंधळतात. बोल्टाच्या डोक्याकडे तोंड करून बघा आणि घड्याळाच्या उलट फिरवा. पान्याने सैल झाला की पुढचं हाताने करा, आणि शेवटचे दोन-तीन आटे उरले की बोल्ट चेंबरकडे (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीकडे) दाबून धरतच फिरवा. तो पूर्ण सुटल्याचं बोटांना कळतं. मग झटकन बाजूला ओढा. असं केलं तर ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत न वाहता सरळ घमेल्यात पडतं. पहिली धार जोरात आणि लांब जाते, म्हणून घमेलं थोडं पुढे सरकवून ठेवा. धार मंदावली की मागे घ्या. थेंब-थेंब होईपर्यंत वाट बघा.

याच वेळी गल्लीतलं कुणीतरी येऊन उभं राहतं. "काहून मॅडम, तुमीच खाली घुसून राह्यल्या? पोट्ट्याले सांगा ना!" संकोच करू नका. त्या काकूंना टॉर्च धरायला सांगा, चहाला थांबवा. माझ्या निम्म्या ओळखी अशाच झाल्या आहेत.

आता फिल्टर. तो काढला की त्याची रबरी रिंग त्याच्यासोबत आली का, हे डोळ्यांनी बघा. कधी जुनी रिंग इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला तर गाडी सुरू केल्यावर ऑइल दाबाने बाहेर फेकलं जातं आणि काही मिनिटांत इंजिन कोरडं पडतं. नव्या रिंगला बोटाने नवीन ऑइल चोळा, फिल्टर हाताने फिरवत न्या, रिंग टेकली की पाऊण वळसा. पाना लावू नका. ड्रेन बोल्टही नव्या वायसरसह आधी हातानेच चढवा. अडकला तर जोर न लावता मागे घेऊन पुन्हा लावा, कारण तिरका चढवला तर चेंबरचे आटे जातात आणि ते काम मग नागपूरचंच. शेवटी छोट्या पान्याने घट्ट करा. पान्याच्या दांड्याला पाइप घालून पिळायची गरज नाही.

आता गाडी सपाटीवर खाली उतरवा. भरताना पुस्तकातल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमीच ओता. छोट्या पेट्रोल गाड्यांना साधारण तीन लिटर लागतं. पाच मिनिटांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, पुसून बघा, थोडं थोडं टाकत दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ आणा. जास्त झालेलं ऑइलही वाईट, फिरत्या क्रँकने त्याचा फेस होतो. इंजिन सुरू करा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा. मिनिटभर चालवून बंद करा, बोल्ट आणि फिल्टरपाशी ओल आहे का बघा, पुन्हा पाच मिनिटांनी माप घ्या. दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी गाडीखाली एकदा वाका. तारीख आणि किलोमीटर बॉनेटच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

एअर फिल्टर त्याच वेळी उघडा. कापूस आणि तुरीच्या हंगामात, किंवा वणीकडे कोळशाच्या रस्त्यावर रोज जात असाल तर, तो ऑइलच्याही आधी भरतो. हलक्या धुळीला झटकलं तर चालतं, काळा पडला असेल तर नवीनच टाका.

जुनं ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलचं तर काही दिवसांतच काळं होतं. पण डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर इंजिनात पाणी शिरलेलं असण्याची शक्यता असते. गाडी चालवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

आणि घमेल्यातल्या त्या काळ्या ऑइलसाठी तुमच्या दारात माणूस येणार. "मॅडम, फेकू नका बरं, मले दाराच्या चौकटीले लावाले पाह्यजे." वाळवीसाठी लाकडाला काळं ऑइल लावायची इथली जुनी पद्धत आहे. मी तरी देत नाही, आणि का ते समजावून सांगते: वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेले कर्करोगकारक पदार्थ असतात, ते कातडीला वारंवार लागू नये. गोचिडांसाठी म्हशीच्या अंगाला चोळायला मागणारेही येतात. त्यांना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवा, तिथे गोचिडांचं औषध मिळतं. नालीत, बांधावर, उकिरड्यावर ओतायचा तर विचारही नको. इथली विहीर आणि हँडपंप त्याच मातीतून पाणी घेतात. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल घातक म्हणून नोंदलेलं आहे. ते नवीन ऑइलच्या डब्यात परत भरा, झाकण घट्ट लावा आणि यवतमाळ-नागपूरला जाल तेव्हा, जुनं ऑइल पुनर्वापरासाठी गोळा करणाऱ्या मोठ्या गॅरेजला द्या. त्या डब्याला भोक पाडायचं ते त्यानंतर. जुना फिल्टरही रात्रभर घमेल्यात उपडा ठेवून निथळवा आणि पिशवीत बांधून त्याच गॅरेजला द्या.