खांबाखांबाने वर्गणी: संग्रहालयाच्या लाकडी दालनासाठी पैसा कसा उभारावा

ठाण्यातला कोळीवाडा असो की नवी मुंबईतलं गावठाण, स्थानिक संग्रहालय बहुतेक वेळा एकाच खोलीत असतं. जाळी, वल्ही, तांब्या-पितळेची भांडी, जुने दस्त, सगळं दाटीवाटीने. शेजारच्या मोकळ्या जागेत सागवानी खांब-तुळयांचं कौलारू दालन बांधायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत पावतीपुस्तकं छापायचा विषय निघतो. ती छापू नका. आधी लाकूड मोजा, कारण वर्गणी एकेका खांबाच्या, तुळईच्या, वाशाच्या नावाने मागायची आहे.

त्याहीआधी जागेचे कागद पाहा. मालमत्ता पत्रक किंवा सातबारा कोणाच्या नावावर आहे, जागा सिडकोच्या भाडेपट्ट्याची असेल तर वाढीव बांधकामाला त्यांची संमती आहे का, खाडीकाठ असेल तर सीआरझेडची (किनाऱ्यावरच्या बांधकामबंधनांची) रेषा कुठून जाते, हे स्पष्ट झाल्याशिवाय एक रुपयाही मागू नये. परवानगी अडकली आणि पैसे खात्यात पडून राहिले की लोकांचा विश्वास जातो, आणि तो दुसऱ्यांदा मिळत नाही. संस्था नोंदणीकृत न्यास असेल तर विश्वस्तांचा ठराव करून या कामासाठी वेगळं बँक खातं उघडा. नोंदणी नसलेल्या गटाला वर्गणी गोळा करण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 41क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना ही वाट पाठ असते, त्यांनाच सोबत घ्या.

नकाशा, संरचना अभियंत्याचं गणित आणि परवानगीचं शुल्क यांचा खर्च समितीने आपसांत उभा करावा. अभियंत्याला सुरुवातीलाच सांगा की हे संग्रहालय आहे. घराच्या जमिनीवर चौरस मीटरला 200 किलोचा भार धरतात, संग्रहालयासाठी त्याच्या दुप्पट. वाऱ्याचा वेगही आपल्या किनारपट्टीसाठी सेकंदाला 44 मीटर धरायचा असतो. कौलारू छप्पर खाली पडण्यापेक्षा वर उचललं जाण्याची भीती जास्त, म्हणून वासे आणि तुळया नुसत्या ठेवून चालत नाहीत, त्या बांधून घ्याव्या लागतात.

लाकडाचा हिशेब

नमुन्यासाठी 40 फूट लांब, 20 फूट रुंद दालन घेऊ. लांबीत 8 फुटांचे पाच खण, रुंदीत खांबांच्या तीन ओळी. म्हणजे एका ओळीत सहा, एकूण 18 खांब. घनफूट काढायची रीत सोपी: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार भागिले 144. आठ बाय आठ इंची, 10 फुटी खांब 4.44 घनफुटांचा. आडव्या तुळया 12, प्रत्येकी 11 फूट, 8 बाय 10 इंच, म्हणजे 6.11 घनफूट. वासे 42, तीन बाय चार इंची, 15 फुटी, प्रत्येकी सव्वा घनफूट. लांबीच्या तुळया, आढं (माथ्याची तुळई), पाख्याच्या म्हणजे छपराच्या उताराच्या मधला आधार आणि रिपा मिळवल्या की चौकट आणि छपराचं निव्वळ लाकूड सुमारे 307 घनफूट होतं. चिराई, तासणी आणि टोकं कापण्यात नव्या लाकडासाठी निव्वळ मापाच्या पाव हिस्सा घट धरा, म्हणजे खरेदी 385 घनफुटांची. मंगलोरी कौलं चौरस मीटरला 15 लागतात. 30 अंशाच्या उताराच्या दोन पाख्यांना फूटतूट धरून 2,000.

आता दर. उदाहरणापुरता घनफुटाला 4,000 रुपये धरले तर लाकूड 15.4 लाखांचं. (तुमचा दर तीन वखारींकडून लेखी घ्या, जीएसटी, चिराई आणि वाहतूक आत की वेगळी, हे त्याच कागदावर लिहून घ्या.) इथे बहुतेक समित्या एकच चूक करतात: खांबाचं लाकूड घट धरून 22,200 रुपयांचं, म्हणून ‘एक खांब 22,200’ असं पत्रक काढतात. सगळे खांब भरतात, फोटो निघतात, आणि जोतं, सुतारकाम, वायरिंग, अग्निशमन, गटार यांना पैसाच उरत नाही. या कामांच्या नावाने कोणी देणगी देत नाही. म्हणून देखभालीच्या ठेवीसह पूर्ण प्रकल्पाचा आकडा घ्या, तो लाकडाच्या रकमेने भागा. प्रकल्प 62 लाखांचा असेल तर गुणक 4 येतो. मग खांब 88,800, तुळई 1,22,200, वासा 25,000. पत्रकावर आणि पावतीवर स्पष्ट छापा: ‘ही रक्कम त्या भागासह संपूर्ण वास्तूच्या बांधकामासाठी आणि देखभालीसाठी वापरली जाईल.’ वासा परवडत नाही त्यांच्यासाठी कौलं आहेतच. वासा चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून घेतला तर पाटीवर सगळ्यांची नावं येऊ द्या.

मागायचं कधी आणि कोणाकडे

जाहीर आवाहनाआधी निम्मी रक्कम जवळच्या माणसांकडून कबूल करून घ्या. फलकावर शून्य दिसलं की येणारा थबकतो, निम्मं भरलेलं दिसलं की खिशात हात घालतो. श्रावणापासून नवरात्रापर्यंत गल्लोगल्ली वर्गणीच चाललेली असते, त्या गर्दीत शिरू नका. विसर्जनानंतर मंडळांचे हिशेब होतात, तेव्हा शिलकीतून एक खांब मागा. दिवाळीचा बोनस आणि मार्चअखेरची करबचत हे दोन खरे हंगाम. गृहनिर्माण सोसायटीकडून रक्कम हवी असेल तर सर्वसाधारण सभेच्या तारखेआधी पत्र पोचवा. कंपन्यांच्या सीएसआर (समाजकार्यासाठीच्या) निधीत वारसा आणि संस्कृतीचं जतन बसतं. त्यासाठी संस्थेची सीएसआर-1 नोंदणी लागते.

पैसे घेतानाची पथ्यं मोडू नका. 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला प्राप्तिकरातली देणगीची (80जी) सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधी सांगा. वस्तुरूप देणगीलाही ती नाही. परदेशातल्या नातेवाइकांचा पैसा घेताना पासपोर्ट विचारा: भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाची स्वतःच्या बचतीतली देणगी चालते, पण ओसीआय कार्डधारकाची (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाची) देणगी कायद्याने परदेशी ठरते आणि एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी नसेल तर ती घेता येत नाही. क्यूआर कोड एकच ठेवा, न्यासाच्या नावाचा, आणि त्यावर दुसरा कोणी चिकटवलेला नाही ना हे रोज बोट फिरवून पाहा. कबूल रकमेतला काही भाग येतच नाही, म्हणून प्रत्यक्ष जमा रकमेवरच खरेदी ठरवा. जमा, खर्च, बाकी हे तीन आकडे दरमहा संग्रहालयाच्या दारावर लावा.

‘लाकूड जळणार नाही का?’ हा प्रश्न प्रत्येक मोठा देणगीदार विचारतो. खरं उत्तर द्या. जाड लाकूड बाहेरून मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर कोळसा होत जातं, आतला गाभा बराच वेळ भार पेलतो. धोका असतो तो उघड्या वायरिंगचा आणि प्रदर्शनातल्या कापडा-कागदाचा. त्यामुळे नळीतून वायर, गळती प्रवाह तोडणारा स्विच आणि धूरसूचक यंत्रणा अंदाजपत्रकात दाखवा.

जुनं लाकूड दान आलं तर

पाडलेल्या चाळी-वाड्यांच्या तुळया लोक आपुलकीने देऊ करतात. खांबांसाठी असं जुनं सागवान नव्यापेक्षा चांगलं. जाड लाकूड इंचाला एक वर्ष या बेताने वाळतं, आठ इंची ओला खांब बांधकामाआधी वाळणं शक्य नाही. तो नंतर चिरतो, आणि ओली तुळई आकसून चार-पाच मिलिमीटर बारीक झाली की घट्ट बसलेलं कुसू (खाचेत बसवलेलं टोक) हलू लागतं. पण आलेलं प्रत्येक लाकूड घेऊ नका. भिंतीत गाडलेली दोन्ही टोकं टोच्याने टोचा. टोचा अर्धा इंच सहज गेला तर तेवढा भाग कापायचा. मधोमध हातोडी मारा: खणखणीत आवाज हवा, बद्द आला तर आत पोकळी. बारीक भोकांतून पिठासारखी भुकटी झडत असेल तर कीड जिवंत आहे, ते लाकूड आवारातही नको. आर्द्रतामापकावर 15 टक्क्यांच्या आसपास आकडा हवा. चुंबक फिरवून खिळे काढा, नाहीतर चिराईचं पातं जातं. घट इथे पाव नाही, तिसरा हिस्सा धरा. देणाऱ्याकडून मालकीचं पत्र घ्या.

नवं लाकूड घ्यायचं असेल तर वन विकास महामंडळाच्या लिलावात चंद्रपूर-बल्लारशाहचं सागवान मिळतं. सोबत वाहतूक परवाना मागा.

पैसा आणि पाऊस

बांधकामाचे टप्पे पावसाळ्याला बांधलेले आहेत, म्हणून वर्गणीचेही असावेत. पहिला पैसा लाकडाचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात खरेदी, मग शेडखाली, जमिनीपासून फूटभर वर, थरांमध्ये पट्ट्या ठेवून रचणं. डिसेंबर-जानेवारीत वाळवीप्रतिबंधक फवारणी करून जोतं. ते 26 जुलै 2005 च्या पुराच्या पाण्याच्या खुणेपेक्षा उंच हवं. खूण कुठे होती हे गल्लीतली वडीलधारी माणसं सांगतात. खांब थेट जोत्यावर नाही, दगडी तळखड्यावर (खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर). फेब्रुवारी-मार्चमध्ये चौकट, मेच्या मध्याआधी कौलं. नवं दालन जुन्या भिंतीवर टेकवू नका. दोन छपरांमधली पन्हळ रुंद ठेवा, गळती तिथूनच सुरू होते.

31 जानेवारीला चौकट आणि छप्पर दोन्हींचे पैसे हातात नसतील तर चौकट उभी करू नका, वर्षभर थांबा. लाकूड शेडखाली बिघडत नाही, पण उघडी चौकट एका पावसाळ्यात काळी पडते आणि खाचांमध्ये पाणी मुरतं. लांबणीवर टाकल्याचं दारावरच्या फलकावर कारणासह लिहा.

जमलेल्या रकमेतला दहावा हिस्सा देखभालीसाठी मुदत ठेवीत टाका. दरवर्षी मेमध्ये शाकारणी (कौलं काढून नीट लावणं) करावी लागेल. आणि कौलं घेताना त्याच छापाची 200 जास्तीची घेऊन आवारात उभी रचून ठेवा. दुसऱ्या कारखान्याच्या कौलाची खाच जुळत नाही.