आफ्रिकेत सुवार्ता सांगायला जाताय? या चुका टाळा

रविवारी उपासनेला बसायला जागा पुरत नाही, गाणी ऐकताना अंगावर काटा येतो, बाप्तिस्म्याची यादी लांबत जाते. आणि बुधवारी रात्री लेकरू तापाने फणफणलं की त्याची आई पाळकांच्या घरावरून पुढे जाते, ती थेट मगांगाच्या अंगणात. मगांगा म्हणजे गावचा वैदू. झाडपाला देतो, कोणाची नजर लागली तेही सांगतो.

नवखा सुवार्तिक हे पाहून म्हणतो, यांचा विश्वास कच्चा. पहिली दोन वर्षं मीही हेच म्हणत होते. टांझानियात अकरा वर्षं काढून नाशिकला परतले, तिकडे निघालेल्या तरुणांना चार गोष्टी सांगायचं काम अंगावर पडलं, तेव्हा वह्या चाळताना लक्षात आलं की बिघाड बहुतेक वेळा ऐकणाऱ्यात नसतो. आपण त्यांनी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत बसतो, आणि विचारलेल्या प्रश्नाच्या वेळी घड्याळाकडे बघतो.

आधी एक किरकोळ वाटणारी चूक. गावात पहिल्याच आठवड्यात मी एका घराच्या पत्र्याच्या दारावर बोटांनी टकटक केली. आत हालचाल थांबली. पुन्हा टकटक केली, तर चूल फुंकण्याचा आवाजही बंद. शेजारच्या सात-आठ वर्षांच्या पोरीने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि तोंडाशी हात धरून ओरडली, "होडी!" आतून लगेच "कारिबू!" आलं. दारावर काही न बोलता वाजवणारा कोण असेल ते सांगता येत नाही. भला माणूस हाक घालतो. आपल्याकडे खेड्यात "कोण हाय का घरात?" म्हणतात, तसंच. त्याच रविवारी मी 'पाहा, मी दाराशी उभा आहे' या वचनावर बोलणार होते आणि हाताने दार वाजवण्याचा अभिनय ठरवून ठेवला होता. तो सोडून दिला. स्वाहिली शास्त्रात तिथे 'बिशा' हे क्रियापद आहे, आणि 'होडी' घालण्यालाही लोक 'कुबिशा होडी'च म्हणतात. भाषांतर करणाऱ्याला जे कळलं होतं ते मला पोरीकडून शिकावं लागलं.

आपला शब्द त्यांच्या शब्दावर ठेवताना

'मगांगा' आणि 'मचावी' यांना एकाच दमात जादूटोणेवाला म्हणणं ही सर्रास होणारी चूक. मगांगा बरं करणारा, मचावी करणी करणारा. दोघांना एका पारड्यात टाकलंत की गावकऱ्यांना ऐकू येतं ते असं: डॉक्टर आणि विष घालणारा, दोघेही सारखेच.

ही चूक मोठमोठ्यांनी केली आहे. रॉबर्ट मॉफट यांनी दक्षिण आफ्रिकेत कुरुमान इथे बसून त्स्वाना भाषेत पवित्र शास्त्र आणलं. १८४० मध्ये नवा करार, १८५७ मध्ये संपूर्ण. अफाट कष्ट. देवासाठी त्यांनी लोकांचाच 'मोदिमो' हा शब्द घेतला, ते उत्तम केलं. पण भुतांसाठी शब्द घेतला 'बादिमो', आणि बादिमो म्हणजे पितर. मराठी शास्त्रात येशू माणसांच्या अंगातून 'पितर' काढतो असं छापलं असतं, तर सर्वपित्रीला पान वाढणाऱ्या घरात ते पुस्तक कोणी कसं उघडलं असतं? बोट्सवानाच्या अभ्यासक मुसा दुबे यांनी याच जागेवर बोट ठेवलं आहे.

भाषा जन्माची असली म्हणजे सगळं सुटतं असंही नाही. सॅम्युअल अजायी क्रौथर स्वतः नायजेरियातल्या योरुबा लोकांपैकी. लहानपणी गुलाम पकडणाऱ्या टोळीने पळवलेले, १८२२ मध्ये इंग्रज आरमाराने सोडवलेले, पुढे १८६४ मध्ये बिशप झालेले. त्यांच्याही भाषांतरात सैतानासाठी 'एशू' आला. एशू हा योरुबांचा चौरस्त्यावरचा, देवांचे निरोप पोचवणारा, खोड्याही काढणारा देव. तो सैतान नाही. आज नायजेरियात हा वाद पुन्हा तापलेला दिसतो.

आणि सूर! योरुबात 'ओको' एका स्वरात नवरा, दुसऱ्यात कुदळ, तिसऱ्यात गाडी, चौथ्यात भाला. अशा भाषेतले शब्द इंग्रजी स्तोत्राच्या चालीवर चढवले की चाल स्वर ओढून नेते आणि अर्थ भलतीकडे जातो. उपाय सोपा, पण वेळखाऊ: गाणं छापण्याआधी लिहिता-वाचता न येणाऱ्या एखाद्या आजीला म्हणून दाखवा आणि तिला काय ऐकू आलं ते विचारा. ती हसली तर पुन्हा बसा. नारायण वामन टिळकांनी आपल्याकडे अभंग आणि कीर्तन हाताशी धरलं, कारण मराठी कानाला ओवीची आणि अभंगाची सवय होती. तिकडेही गाणारे लोक आहेत. चाल त्यांना बांधू द्या.

रूढीवर घाव, पण ती काय तोलून धरते ते न बघता

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त मोडतोड इथेच झाली आहे.

१९२९ साली केनियात स्कॉटिश मिशनने किकुयू लोकांमधल्या मुलींच्या सुंतेविरुद्ध पाऊल उचललं. विरोध योग्यच होता. त्या प्रथेने मुली मरत होत्या, बाळंतपणं अडत होती. केनियात २०११ पासून तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. पण मिशनने ते केलं कसं? ही प्रथा सोडल्याच्या प्रतिज्ञेवर सह्या किंवा अंगठे मागितले. अंगठ्याच्या ठशाला किकुयूत 'किरोरे' म्हणतात आणि त्या भांडणाचं नावच किरोरे पडलं. अंगठा नाही तर चर्च नाही. लोक शेकड्यांनी बाहेर पडले. मिशनऱ्यांची टर उडवणारं 'मुथिरिगू' हे नाचगाणं गावोगाव फिरू लागलं, सरकारने त्यावर बंदी घातली. किकुयूंनी स्वतःच्या शाळा आणि स्वतःची चर्चं काढली. ज्या मुलींना वाचवायचं होतं त्यांच्या बाबतीत तर उलटंच झालं, कारण सुंता आता स्वाभिमानाची खूण बनली.

मिशनने बघितलं नाही ते हे: त्या विधीने मुलगी बाई होई, तिला एक वयोगट मिळे, आयुष्यभराच्या मैत्रिणी मिळत, कुटुंबाला जमिनीच्या आणि नात्यांच्या जाळ्यात जागा मिळे. कापणं त्यातला एक भाग होता. मिशनने सगळंच उपटायला सांगितलं आणि रिकाम्या जागेत काहीच ठेवलं नाही.

त्याच सुमारास दक्षिण टांझानियात, तेव्हाच्या टांगानिकात, मसासी भागातल्या विन्सेंट ल्युकस या अँग्लिकन बिशपांनी वेगळी वाट धरली. मुलग्यांचा 'जांडो', म्हणजे रानातलं सुंतेचं शिबिर, त्यांनी मोडलं नाही. पाळक तिथे जाऊन बसले, प्रार्थना आली, जखमेची काळजी आली, शिकवण आली. जे टाकायचं ते टाकलं, बाकीचं ठेवलं. मुलगा एकाच वेळी आपल्या माणसांतला पुरुषही झाला आणि मंडळीतलाही. ल्युकस यांच्या पद्धतीत खोट काढता येते, बाहेरच्याने विधीची मालकी घेतली असंही म्हणता येतं. पण मसासीत लोक आणि मंडळी यांच्यात भिंत उभी राहिली नाही.

केनियातल्या थराका भागात १९९६ पासून मुलींसाठी कापण्याविना विधी सुरू झाला. आठवडाभर एकांत, मोठ्या बायकांकडून शिकवण, शेवटी गावासमोर नाच आणि भेटवस्तू. त्याला 'शब्दांनी सुंता' म्हणतात. हे ज्यांना सुचलं त्या तिथल्याच बायका होत्या.

म्हणून कुठल्याही प्रथेबद्दल तोंड उघडण्याआधी वहीत दोन ओळी लिहून काढा. हिच्यामुळे कोणाला काय मिळतं? उद्या ती बंद झाली तर ते त्यांना कुठून मिळेल? दुसऱ्या ओळीला उत्तर नसेल तर व्यासपीठावर चढू नका.

दोन बायकांचा दादला

हा प्रश्न येणारच. माणूस बाप्तिस्म्याला तयार आहे, घरात तीन बायका आहेत. जुनं उत्तर होतं: एक ठेव, बाकीच्यांना घालव. दक्षिण आफ्रिकेतल्या नातालचे बिशप जॉन कोलेन्सो १८५० च्या दशकातच म्हणत होते की हा अन्याय आहे, टाकलेली बाई आणि तिची पोरं जाणार कुठे? त्यांचं ऐकलं गेलं नाही. १८८८ च्या लँबेथ परिषदेने, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या बैठकीने, ठरवलं की अनेक बायकांच्या नवऱ्याला बाप्तिस्मा नाही. त्याच्या बायकांना मात्र काही परिस्थितीत चालेल. बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याच परिषदेने मान्य केलं की आणखी लग्न करणार नाही असं वचन देऊन तो बायकामुलांसह मंडळीत येऊ शकतो. शंभर वर्षांत किती घरं फुटली असतील!

तुमच्या मंडळीचा नियम काय तो आधी विचारा. आणि काहीही ठरवण्याआधी दुसऱ्या आणि तिसऱ्या बायकोशी बोला. माझ्या अनुभवात त्यांना कोणी विचारतच नाही.

भीती आणि आजार यांना वळसा घालणं

पुन्हा त्या बुधवारच्या आईकडे येऊ. तिचा प्रश्न साधा आहे: माझ्याच लेकराला का? डॉक्टर हिवताप कसा झाला ते सांगतो. मगांगा 'माझ्याच' या शब्दाला उत्तर देतो. पाळक गप्प राहिला तर ती मगांगाकडेच जाणार.

आफ्रिकेच्या स्वतःच्या सुवार्तिकांना हे ठाऊक होतं. लायबेरियाचे विल्यम वेड हॅरिस १९१३ ते १४ मध्ये आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्याने पायी फिरले. पांढरा झगा, हातात बांबूचा क्रूस, तुंबा आणि शास्त्र. लोकांना म्हणाले, ताईत-मूर्ती जाळा, हा देव त्यांच्यापेक्षा बलवान आहे. एक लाखाच्या आसपास लोकांनी बाप्तिस्मा घेतला असं मानतात. फ्रेंचांनी त्यांना हाकललं. १९१८ च्या इन्फ्लुएंझानंतर नायजेरियात प्रार्थनेने बरं करणारी 'अलादुरा' मंडळ्यांची चळवळ उभी राहिली. काँगोत सायमन किंबांगू यांनी १९२१ मध्ये आजाऱ्यांवर हात ठेवायला सुरुवात केली, काही महिन्यांतच बेल्जियन सरकारने त्यांना पकडलं, आणि १९५१ मध्ये ते तुरुंगातच वारले. त्यांची मंडळी आज लाखोंची आहे.

पण दुसऱ्या बाजूचा खड्डाही तितकाच खोल. काँगोची राजधानी किन्शासात आणि नायजेरियाच्या काही भागांत पाळकांनीच लहान मुलांवर चेटकाचा आरोप ठेवला आणि पोरं रस्त्यावर आली. एचआयव्हीच्या गोळ्या बंद करायला सांगणारे उपदेशक मी जवळून पाहिले आहेत. आमचा साधा शिरस्ता असा होता: आजाऱ्याच्या घरी रात्री जायचं, बसायचं, प्रार्थना करायची, आणि पहाटे त्याच घरच्यांबरोबर दवाखान्याच्या रांगेत उभं राहायचं. कोणाचंही नाव घेऊन 'हिने करणी केली' असं कोणी म्हणू लागलं तर तिथेच थांबवायचं.

ढोल आणला की झालं, असं समजणं

१९३३ मध्ये घानाच्या अक्रोपोंग इथल्या शिक्षक महाविद्यालयातून एफ्राइम आमू या संगीतशिक्षकाला काढलं गेलं. गुन्हा काय, तर देशी वस्त्र नेसून उपदेश केला, देशी वाद्यं वाजवली. आज तेच ढोल पाहुणे आले की बाहेर काढतात. गंमत म्हणजे नैरोबीतल्या तरुण मंडळीला गिटार आणि की-बोर्ड हवा असतो. बाहेरून आलेला माणूस मात्र त्यांना गवताच्या घागऱ्यात बघायला उत्सुक. तोही एक हट्टच.

खोलवरचं रूपांतर कसं दिसतं ते काँगोच्या मिस्सेत, म्हणजे कॅथोलिक उपासनेत, पाहा. रोमने १९८८ मध्ये तिला मान्यता दिली. नाच आहेच, पण त्याहून महत्त्वाचं, संतांबरोबर सरळ वागलेल्या पूर्वजांनाही हाक घातली जाते, आणि पश्चात्ताप व शांतीची खूण उपदेशानंतर, अर्पणाच्या आधी येते. आधी ऐका, मग भांडण मिटवा, मग एका ताटात जेवा. हा क्रम गावच्या बैठकीतून आलेला आहे.

पैशाबद्दल एवढंच: पत्र्याचं छप्पर तुम्ही घातलंत तर गळतीही तुमचीच. १९७१ मध्ये केनियाचे प्रेस्बिटेरियन पुढारी जॉन गाटू यांनी परदेशी मिशनरी आणि परदेशी पैसा काही काळ थांबवा असं सांगितलं, तेव्हा खळबळ उडाली होती.

वाट न विचारणं

नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल की एकोणिसाव्या शतकात तिथल्या मिशनच्या वस्तीत आफ्रिकन मुलं शिकत होती? अरबी गलबतांतून सोडवलेली, मुंबईत उतरवलेली. आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंगस्टनच्या शवासोबत लंडनला गेलेला जेकब वेनराइट इथलाच. विल्यम जोन्सही इथलेच. ही मुलं पुढे मोंबासाजवळच्या राबाई आणि फ्रेरेटाउनला गेली, त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. युरोपियनांना ती फार शिकलेली वाटत, किनाऱ्यावरच्या लोकांना परकी. दोन्हीकडून बोलणी खात काम त्यांनीच केलं.

१८८५ मध्ये बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी जोन्स यांना दीक्षा दिली आणि त्याच वर्षी आजच्या युगांडातल्या बुगांडा राज्याकडे निघताना बरोबर घेतलं. वाट निवडली मसाई मुलखातून पूर्वेकडची, जवळची आणि निरोगी म्हणून. बुगांडात मात्र पक्की समजूत होती की राज्य बुडवणारे पूर्वेकडून, बुसोगाच्या बाजूने येतील. हॅनिंग्टन यांनी जोन्स यांना बहुतेक काफिल्यासह मागे ठेवलं आणि पन्नासेक माणसं घेऊन पुढे गेले. २९ ऑक्टोबरला बुसोगात त्यांना मारलं गेलं, बरोबरचे मोजकेच वाचले. उरलेला काफिला घेऊन जोन्स शेकडो मैल चालत राबाईला परतले. पुढे निळं निशाण होतं आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत शिवलेला एकच शब्द, 'ईखाबोद': वैभव निघून गेले.